कामरगावच्या मिस डेबी

आमच्या अक्कांनी आयुष्यात एकही गाणं वेळेवर सुरू केलं नाही. पेटीवाल्यानं सूर द्यावा, ढोलकीवाल्यानं ठेका धरावा, ठेका फिरून फिरून परत यावा, आणि अक्का आपल्या डोळे मिटून उभ्या. बाई अडकली, बाईला आठवत नाही, कोणीतरी पाणी द्या, अशी कुजबुज सुरू व्हायची. सगळ्यांनी आशा सोडली की त्या शांतपणे तोंड उघडायच्या, आणि तेही समेवर नाही, समेच्या जरा मागं.

मी हे पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच लग्नात. अक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, देवका. लग्नासाठी त्या मुंबईहून आल्या होत्या. केस मानेपर्यंत कापलेले, पायात उंच टाचेच्या चपला, आणि तोंड उघडलं की अस्सल कामरगावच्या. मंगल परिणय झाल्यावर स्वागतगीत त्यांनीच म्हणायचं, असं सासूबाईंनी कौतुकानं ठरवलं होतं. पेटीवाला सुरुवात वाजवून वाजवून दमला. सासूबाई खोकल्या. माझे वडील माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले की कुठल्या घरात दिली मी पोर. शेवटी गाणं सुरू झालं तेव्हा मांडवातली निम्मी माणसं जेवायला उठली होती. पेटीवाला मागाहून मला म्हणाला, "वहिनी, तुमच्या नणदेले तालाचं काई तरी सांगा." अक्का पाठीमागेच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ताल कोठी पळून चालला का बापा? तो तं गोल फिरते. मी येऊनच राह्यली ना."

मला वाटलं, ही कटकट लग्नापुरती आहे. पुढं तीसेक वर्षं मी त्यांच्यासोबत एका घरात काढली.

अक्का जाझ गायच्या. हा शब्द मी मास्तरीण असूनही लग्न होईपर्यंत ऐकला नव्हता. कामरगावात बऱ्याच जणांनी तो अजूनही ऐकलेला नाही. "हॉटेलात विंग्रजी गाने म्हने," एवढंच लोक सांगतात. त्यांचे वडील दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायचे आणि वस्तीतल्या भजन मंडळात ढोलकी वाजवायचे. मॅट्रिक झाल्यावर अक्का नागपूरला नर्सिंग शिकायला गेल्या. तिथे खोलीत एक अँग्लो-इंडियन मुलगी होती, रेल्वेतल्या माणसाची. तिच्या काकांचा बँड दर शनिवारी रेल्वेच्या क्लबात वाजायचा. अक्का तिच्यासोबत नुसत्या ऐकायला म्हणून गेल्या आणि काही महिन्यांत गायला उभ्या राहिल्या. इंग्रजी गाण्याचे शब्द देवनागरीत लिहून काढायचे, अर्थ मैत्रिणीला विचारायचा, बाकीचं आपलं आपण करायचं, अशी रीत. नर्सिंग अर्ध्यात सुटलं. मग गोव्याचा एक ट्रम्पेटवाला त्यांना मुंबईला घेऊन गेला आणि समुद्राकाठच्या एका हॉटेलात त्या कितीतरी वर्षं रोज संध्याकाळी गायल्या. तिथल्या मॅनेजरच्या जिभेला देवका हे नाव जड जाई, म्हणून बाहेरच्या पाटीवर 'मिस डेबी' लिहिलेलं असायचं. माझ्या नवऱ्याचं डी.एड. त्या गाण्यावर झालं. हे अक्कांनी कधी बोलून दाखवलं नाही. बाकी सगळं बोलून दाखवलं.

पुढं हॉटेलवाल्यांना माणसांपेक्षा टेप बरी वाटायला लागली. ट्रम्पेटवालाही वारला. अक्का एक रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डींनी भरलेली लोखंडी पेटी घेऊन भावाकडे आल्या, त्या कायमच्या. त्या ट्रम्पेटवाल्याशी लग्न का केलं नाही, असं मी एकदा धीर करून विचारलं. म्हणाल्या, "करतच होती, पन मले उशीर झाला."

ते जाझ म्हणजे नेमकं काय, तेही मी विचारलं होतं. मी भाकरी थापत होते आणि माजघरात रेकॉर्ड लावलेली होती. अक्का म्हणाल्या, "गानं मधात ठेवाचं. त्याच्या भवताल फिराचं. कधी जवळ जाचं, कधी दूर. पन त्याच्यावर पाय द्याचा नाही."

"मंग लोकायले गानं वळखू कसं येईन?"

"लोकायनं बी थोडी मेहनत करा ना. सारी मीच करू काय?"

हे सगळं गाण्यापुरतं असतं तर मी सहन केलं असतं. पण अक्कांचं स्वयंपाकातही तेच. त्यांच्या हातचा चहा दोनदा सारखा झाला नाही. एका दिवशी आलं, दुसऱ्या दिवशी तेजपान, तिसऱ्या दिवशी त्यात चक्क संत्र्याची साल. वरण एकदा इतकं सुरेख जमलं की माझा नवरा वाटी चाटूनपुसून उठला आणि म्हणाला, उद्याही असंच कर. अक्का म्हणाल्या, "असंच कसं? आजचं आज झालं." दुसऱ्या दिवशी वरणात अंबाडी होती. पाहुण्यांसमोर मी हटकून स्वयंपाक माझ्या हातात घ्यायची, आणि अक्का चौकटीत उभ्या राहून पाहुण्यांना सांगायच्या, "हिच्या हाताले चव हाय, पन रोज तेच ते."

एकदा मी मोठी चूक केली. शाळेत जिल्ह्याहून साहेब येणार होते, आणि मी मुलांचं स्वागतगीत बसवायला अक्कांना बोलावलं. आठवडाभर त्या मुलांना झाडाखाली घेऊन बसत होत्या. मुलं इतकी खूश, की मला संशय यायला हवा होता. साहेब आले, हार घालून झाला, आणि गाणं सुरू झालं. म्हणजे एका मुलीनं सुरू केलं. मग दुसऱ्या कोपऱ्यातून एक मुलगा लागला, मग मागच्या ओळीतली दोघं, आणि ज्याला त्याला वाटेल तेव्हा एकेक जण त्यात शिरत गेला. साहेब हार गळ्यात घेऊन, हसावं की बसावं अशा चेहऱ्यानं उभे. हेडमास्तरांनी मला ऑफिसात बोलावून जे सुनावलं ते मी घरी येऊन अक्कांना जसंच्या तसं सुनावलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "लेकरायचं आखरीले एकात एक कसं मिसळलं, थे आयकलं का तुवा?" मी ऐकलं नव्हतं. मी साहेबांच्या तोंडाकडे बघत होते.

पण त्यांचं खरं दुखणं निराळं होतं. आमच्या वस्तीत एप्रिलमध्ये जयंती होते, आणि संध्याकाळी भीमगीतांचा सामना असतो. एक बाईची पार्टी, एक पुरुषाची. एकीनं गाण्यातून सवाल करायचा, दुसऱ्यानं जवाब द्यायचा. सगळं गाव लोटतं, शेजारच्या गावांतून जीप भरभरून येतात. अक्का मुंबईहून परत आल्या त्या वर्षी जयंतीच्या मंडळानं मोठ्या मानानं त्यांना माईक दिला होता. त्यांनी वस्तीतल्या पोराटोरांना पाठ असलेलं गाणं घेतलं. लोक टाळ्यांचा ठेका धरून साथीला बसले, आणि अक्का आपल्या सवयीनं ठेक्याच्या मागं, मग पुढं, मग भलतीकडेच. टाळ्या अडखळल्या, मग थांबल्या. पोरं फिदीफिदी हसायला लागली. पुढं बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला मोठ्यानं म्हणाला, "बाई इसरली." अक्कांनी गाणं संपवलं, नमस्कार केला आणि खाली उतरल्या.

त्यानंतर दर वर्षी मंडळानं त्यांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली, पुष्पहार अर्पण करायला बोलावलं, पण माईक दिला नाही. घरी भांडण कशावरूनही सुरू होवो, शेवटी अक्का तिथेच यायच्या. "मी इसरली नव्हती," म्हणायच्या. "मुंबईत सायेब लोकं उभे राहून आयकत. अन् माह्याच मानसाले वाटते का मी इसरली." हा सल त्यांना आतून कुरतडत होता, हे मला दिसायचं. आपल्या वस्तीनं एकदा तरी आपल्याला आपल्या पद्धतीनं ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हणायची, मग एकदा सरळ गाऊन टाका ना. तर माझ्याकडे अशा बघायच्या की जणू मी त्यांना साडी उलटी नेसायला सांगितली.

माझे मिस्टर गेले, मुलगी नोकरीला पुण्याला गेली, आणि घरात आम्ही दोघीच उरलो. अक्कांचा आवाज कापायला लागला होता. दम पुरत नव्हता. एका सकाळी त्यांनी चहा समोर ठेवला आणि म्हणाल्या, "मास्तरीण, यंदा नाही तं मंग नाही."

मंडळाचा अध्यक्ष राहुल माझाच विद्यार्थी. बसस्टँडजवळ त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. मी तिथे जाऊन बसले. तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, पब्लिक बसत नाही हो. पब्लिकले डीजे पायजे. सामनाच मुश्किलीनं ठेवून राह्यलो." मी उठलेच नाही. शेवटी सामना सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं द्यायचं कबूल झालं, दोन अटींवर. गाणं सगळ्यांना येणारं हवं, आणि सरळ म्हणायचं. मी त्याला शब्द दिला.

घरी येऊन सांगितलं तर अक्का कधी नव्हे त्या भांडल्या नाहीत. "थांब, म्हनून दाखवतो तुले," म्हणाल्या, आणि पलंगावर बसूनच त्यांनी ते गाणं अगदी सरळ म्हटलं. सम चुकली नाही, शब्द हलला नाही. गाणं बरोबर होतं, आणि मला ते ऐकताना बँकेच्या रांगेत उभं असल्यासारखं वाटत होतं. हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. म्हणाल्या, "झालं समाधान? मेलं आता थे गानं." पण जयंतीच्या दिवशी तसंच गाईन म्हणून त्यांनी मला वचन दिलं. चांगलं हातावर हात ठेवून दिलं.

जयंतीच्या संध्याकाळी बाईची पार्टी वेळेवर आली होती. पुरुषाच्या पार्टीची जीप कारंजा गावाच्या अलीकडे बंद पडली होती. राहुल फोनवर फोन करत स्टेजभोवती फिरत होता. मैदान भरलेलं. अक्का पांढऱ्या साडीत स्टेजवर चढल्या. पार्टीच्या पेटीवाल्यानं सूर दिला, ढोलकी सुरू झाली, आणि अक्का डोळे मिटून उभ्या राहिल्या. ठेका फिरत राहिला. मी पहिल्या रांगेत पदराचं टोक पिळत बसले होते. पाठीमागं कुजबुज सुरू झाली. राहुल घाबरला. म्हातारी अडकली, हिला सावरून घ्यावं, असं त्याला वाटलं असणार.

आमच्याकडे सामन्यात बक्षिसाची रीत आहे. गाणं रंगात आलं की ऐकणारा उठून नोट देतो, आणि गाणं तिथल्या तिथे थांबवून त्याचं नाव माईकवर पुकारतात. गाणं गेलं तरी चालेल, नाव गेलं नाही पाहिजे. राहुलनं घाईघाईत स्वतःच्या खिशातली नोट काढली, बाजूच्या माईकवर गेला आणि गाणं सुरू व्हायच्या आतच पुकारा केला, "गौतम तायडे यांच्याकडून बक्षीस!" गौतम तायडे हा त्याचा चुलतभाऊ. तो तेव्हा मैदानातसुद्धा नव्हता, शेंगदाणे घ्यायला गेला होता.

अक्कांनी डोळे उघडले आणि ते नाव उचललं. "गौतम" म्हणाल्या, अगदी खालच्या सुरात, ठेक्याच्या मागं. मग 'गौ'वर मुक्काम केला. तिथून वर गेल्या, 'तम' हवेत सोडून दिलं, ढोलकी एक फेरा फिरून आली तेव्हा ते अलगद झेललं, आणि त्याला जोडूनच गाण्याची पहिली ओळ म्हटली. ढोलकीवाला आधी वैतागला, मग हसायला लागला, मग नीट सरसावून बसला. मैदानात कोणी हसलं नाही. एक पोरगा गौतमला शोधून आणायला धावला.

माझ्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. हातावर हात ठेवून दिलेलं वचन. पण तोवर स्टेजपाशी नोटा घेऊन माणसं उभी राहिली होती. प्रत्येकाला आपलं नाव ऐकायचं होतं. राहुल नाव चिठ्ठीवर लिहून द्यायचा, अक्का वाचायच्या, जरा थांबायच्या, आणि ते नाव गाण्याच्या मधात ठेवून त्याच्याभोवती फिरायच्या. एकाचं नाव तुटक तुटक, एकाचं लांब ओढलेलं, एकाचं नुसतं ओठांत.

मग गयाबाई उठली. गयाबाई आमच्या मागच्या गल्लीत राहते, रोजानं दुसऱ्याच्या वावरात तण निंदायला जाते. बायांनी बक्षीस दिलं तर ते नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावानं पुकारायचं, अशी आमच्याकडे पद्धत पडलेली आहे. राहुलनं विचारलं, "कोनाचं नाव लिहू?" गयाबाई म्हणाली, "माह्यं लिह्य ना. दुसऱ्या कोनाचं कायले?"

अक्कांनी 'गयाबाई' हे नाव जे म्हटलं ते मला लिहून सांगता येणार नाही. आवाज कापत होता आणि त्यांनी तो कापू दिला. 'गया' असं काही सोडलं की वाटावं गेलीच, आणि 'बाई' म्हणत पुन्हा जवळ आणलं. गयाबाई मैदानाच्या मधोमध उभी राहिली, पदर डोक्यावरून खाली घसरला तरी तिला भान नव्हतं. त्यानंतर बायांची जी रांग लागली ती राहुलला आवरेना. पंचफुला, जनाबाई, शेजारच्या गल्लीतली कुणब्याची वत्सला, माझ्या शाळेत खिचडी शिजवणारी रेखा. मागं "बाई इसरली" म्हणणारा म्हातारा कधीच वारला होता. त्याची सून रांगेत उभी होती.

आणि मीही उठले. साठी उलटलेली, पेन्शन घेणारी बाई, रांगेत उभी राहिले आणि राहुलच्या हातात नोट दिली. चिठ्ठी अक्कांकडे गेली. त्यांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिलं, घडी घातली आणि कमरेला खोचली. पुढची चिठ्ठी मागितली. तेवढ्यात पुरुषाच्या पार्टीची जीप आली, आणि अक्का नमस्कार करून खाली उतरल्या. लोक उभे होते.

घरी येईपर्यंत मी अक्कांच्या दोन पावलं पुढं चालले. घरात आल्यावर बोलले. दिलेलं वचन मोडलं हे बोलले, आणि मग जे बोलायचं होतं ते बोलले. "साऱ्या गावाचं नाव म्हनलं. माह्यंच काहून नाही?"

अक्का चपला काढत होत्या. "तुह्यं नाव काय तसं गर्दीत म्हनाचं हाय? घरी म्हनीन. सवडीनं."

पुढच्या आठवड्यात आसेगावच्या मंडळाची माणसं आली. मग रिसोडहून फोन आला. नाव गाणाऱ्या बाई हव्या होत्या. ज्या एका गोष्टीसाठी या बाईनं माझं डोकं वर्षानुवर्षं खाल्लं, ती दारात चालून आली होती, आणि अक्का पाहुण्यांना म्हणाल्या, "नाही बाप्पा. झालं थे झालं. आता थेच करू लागली तं मी टेप झाली ना." मी कपाळाला हात लावला. पाहुण्यांना चहा दिला तोही अक्कांनीच केलेला, त्यात काय होतं देव जाणे.

मी माझ्या नावाची आठवण देत राहिले. दुपारी निवांत बसलो की विचारायची. कधी "आज सूर लागत नाही," कधी "अजून सापडलं नाही मले," कधी नुसतं "घाई कायची हाय?" एकदा मी रागानं म्हटलं, तीन अक्षरं आहेत, त्यात सापडायचं काय? तर म्हणाल्या, "म्हनूनच तं."

सोयाबीन निघायच्या दिवसांत त्यांना खोकल्यानं धरलं. अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी नळ्या लावल्या, बोलणं बंद झालं. मी जवळ बसून राहिले. अक्का माझ्याकडे बघत होत्या, आणि सूर देऊन झाल्यावर त्या जशा थांबायच्या तशाच थांबल्या आहेत असं मला वाटत राहिलं. पहाटे त्या गेल्या.

अक्कांच्या आठवणीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला वस्ती लोटली होती. वंदना झाली, जेवणं झाली, माणसं पांगली, आणि बाया माझ्याभोवती बसल्या. एकेकीनं आपलं नाव म्हणून दाखवायला सुरुवात केली. कोणाचंच अक्कांसारखं होईना, पण प्रत्येकीला आपलं नाव नेमकं कुठं थांबलं होतं आणि कुठून वळलं होतं ते पक्कं आठवत होतं. मग गयाबाई माझ्याकडे वळली. "अन् तुमचं कसं म्हनलं होतं मास्तरीणबाई? म्हना ना."

मी म्हणाले, "माह्यं राह्यलं."

गयाबाईला ते काही खरं वाटेना. "कायले राह्यलं? तुमी तं घरातल्या घरात होता."

माझं नाव कमल आहे. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, रोज दोन वेळा एका ताटाशी बसलो, आणि या बाईला माझ्यासाठी सवड झाली नाही. मला अजून त्यांचा राग येतो. दुपारी घर शांत झालं की मी कान देऊन बसते, आणि त्याचाही राग येतो.